हॉलमधला टीव्ही

ऐक ना, आधी फक्त ऐक, मध्ये हसू नकोस. म्हणजे हसशीलच, पण शेवटी हस.

आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली ना, आणि नातेवाईक पडले गावोगावी. मग मी म्हटलं, कुणी कुठे यायचं नाही, मी कॉम्प्युटरमध्येच आपला हॉल बांधतो! सगळ्यांनी आपापल्या घरून आत शिरायचं. तुला माहितीये मी कसा आहे, नुसता हॉल करून थांबतोय होय? तोच सोफा, तेच डुगडुगणारं स्टूल, आणि भिंतीवर टीव्ही. टीव्हीवर इंटरनेटवरची कुठलीही गोष्ट लावता येते, नुसती लिंक चिकटवायची. तिथे लग्नाची फिल्म लावणार होतो. आठवडाभर घरात कॉलर ताठ करून फिरत होतो मी!

आले सगळे. काकांना चालता येईना, ते भिंतीलाच धडका देत होते. मामी स्टुलावर उभ्या, उतरायचं कसं ते कळेना. बाबा सोफ्यावर. म्हणजे बाबा खरे शेजारच्या खोलीत, आईच्या कॉम्प्युटरवर; आई स्वयंपाकघरात गोडाचं बघत होती. आवाज घुमू नये म्हणून मी माझ्या खोलीचं दार लावून हेडफोन घातलेला.

मी ऐटीत म्हणालो, "टीव्हीवर क्लिक करा, आणि बघा!"

मग काका ओरडले, "हे माझं नाही हां! टकलावर केस उगवायचं तेल मी एकदाच बघितलं होतं!"

मामी किंचाळल्या, "अगंबाई, बंद कर ना रे ते! नवरा घोरत असेल तर वेगळं कसं झोपावं, हे मी सहज बघितलं होतं!"

मामांचा आवाज आला, "कोण घोरतं?"

मला काही कळेना, कारण माझ्या टीव्हीवर ना तेल होतं ना घोरणं. माझ्या टीव्हीवर, अगदी मोठ्या अक्षरांत, होतं: 'कोर्स सोडल्याचं वडिलांना कसं सांगावं'. खाली डोकं धरून बसलेला एक माणूस.

अकाउंट्सचा कोर्स सोडून मी हे हॉल बांधायचं काम शिकतोय, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? आणि आता अख्ख्या खानदानासमोर भिंतीवर! बाबा तर टीव्हीच्या बरोब्बर समोर बसलेले. मी एका दमात बोलून टाकलं, "बाबा, वाचलंत ना? सोडला मी कोर्स. सांगणारच होतो. चिडू नका, मला यातलंच काम करायचंय!"

काका हळूच म्हणाले, "कुठला कोर्स? इथे तर तेलच आहे."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी शहाण्याने फिल्मची लिंक चिकटवायच्या ऐवजी, ती ज्या व्हिडिओच्या साइटवर होती तिच्या पहिल्या पानाचीच चिकटवली होती! आणि ते पान ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर ज्याचं त्याचं उघडतं. ज्याने जे बघितलं, त्याला तेच. माझं गुपित माझ्याशिवाय कुणालाही दिसत नव्हतं. मी स्वतःच स्वतःची दवंडी पिटली!

तेवढ्यात बाबा बोलले, "अरे, माझा टीव्ही काळाच आहे. क्लिक कुठे करायचं? आणि तू काय म्हणालास? तुझा आवाज तुटत होता, परत सांग."

परत सांग! कळतंय का तुला? देव माझ्या बाजूने होता. 'फिल्म लावतो म्हणालो', एवढं बोललो असतो, तर सुटलो असतो. काका-मामींनीही ब्र काढला नसता, त्यांचीही अब्रू माझ्या हातात होती.

मी हेडफोन काढला, शेजारच्या खोलीत गेलो. बाबा पडद्याला नाक लावून बसलेले. तिथे उभा राहून तेच परत बोललो. तेवढं धडाधड नाही, चाचरत. तोंड दाखवून बोलणं फार वाईट असतं रे.

बाबांनी पडद्यावरचा हॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग म्हणाले, "हा हॉल तू एकट्याने केलास?"

"हो."

"मग सोफा आधी नीट कर. मी कंबरेपर्यंत आत बुडालोय."

बास, एवढंच. कोर्सबद्दल अजून एक अक्षर नाही. आज सकाळपासून मी तो सोफा वर उचलतोय, आणि ते दर तासाला येऊन बसून बघतायत.

आता तू सांग, खरं सांग हां. सुटायची आयती संधी होती. तू काय केलं असतंस?