ठाण्याला आवतण

ता चोंगने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. चाळीस वर्षं गावोगाव आवतणाच्या पुड्या पोचवल्या, आणि बहीण वारल्यावर तिच्या सोईला लहानाचा मोठा केला. बाकी शेती, खेचर, घराचं छप्पर, सगळं रामभरोसे. पण पहिली गोष्ट दुसरीच्या जिवावर उठेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आमच्या डोंगरात कुणी लग्नपत्रिका छापत नाही. मुरवून खायची चहाची पानं, म्हणजे लाफेट, केळीच्या पानात बांधायची आणि वर लाल दोरा गुंडाळायचा. दोऱ्याला जितक्या गाठी, तितक्या दिवसांनी कार्य. पुडी हातात पडली की जावंच लागतं. आजारी असलात तर डोलीत घालून नेतील. आणि वाटेवरचं एकही घर वगळायचं नाही. वगळलेल्या घराशी तीन पिढ्या बोलणं बंद होतं, म्हणून शहाणा निरोप्या झोळीत एक पुडी जास्तीची ठेवतो.

सोई आता सव्वीस वर्षांचा होता आणि डोंगरातल्या बंडखोरांच्या तुकडीचा नाईक होता. तुकडी म्हणजे चौदा माणसं आणि नऊ बंदुका. एका दुपारी तो मामाच्या चुलीपाशी येऊन बसला.

"मामा, आपल्या तीन सेना एकाच दिवशी, एकाच वेळी उठणार आहेत. बारा ठाणी एकदम. लष्कराला कुठे धावू आणि कुठे नको असं झालं पाहिजे."

"छान. मग मला कशाला सांगतोयस?"

"लष्कराने फोन तोडलेत, आणि कागद सापडला तर माणूस जातो. पण चहाच्या पुडीकडे कोण बघतंय? खिंडीपलीकडे तिन्ही सेनांची माणसं थांबलीत. प्रत्येकाला एक पुडी द्यायची. चार गाठी, चौथा दिवस. तोंडी सांगायचं, सकाळी नऊला जेवायला या."

"नऊला? लढाई तर पहाटे करतात."

"पहाटे धुकं असतं. धुक्यात आपलेच आपल्याला मारतील."

"आणि तुझ्या वाट्याला कुठलं ठाणं?"

सोईने हनुवटीने दाराबाहेर दाखवलं. गावाच्या डोक्यावरची टेकडी. वर एकतीस सैनिक, एक मशीनगन, आणि खाली उघडा उतार, ज्यावर लपायला एक झुडूप नाही. चौदा पोरं त्या उतारावरून चढणार होती, आणि सगळ्यांत पुढे त्याचा सोई.

"मशीनगनवाला त्या वेळी चहा पीत असला तर बरं," सोई म्हणाला आणि हसला. चोंगला हसू आलं नाही.

पुड्या बांधल्या लोए निनने. निन चौपन्न वर्षांची विधवा, तोंडाची फटकळ; पण पंचक्रोशीत लाफेट मुरवावं तर तिनेच. चोंगशी तिचं वीस वर्षं वाकडं होतं, कारण त्याच्या खेचराने एकदा तिच्या मळ्यातली वसंतातली पहिली पालवी फस्त केली होती. पुड्या देतानाही तिने ऐकवलंच, "या तरी खेचराला चारू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी चोंग निघाला. खिंडीची वाट ठाण्याच्या फाटकावरूनच जाते. पहारेकऱ्याने झोळी उघडायला लावली, आत नाक घातलं आणि डोळे मिटले. त्यांचं रसदीचं हेलिकॉप्टर दीड महिना आलं नव्हतं. राजधानीहून फक्त हुकूम यायचा की मनोधैर्य टिकवा. तेव्हापासून ती माणसं भात, मिरची आणि मनोधैर्य एवढ्यावर दिवस काढत होती.

"कुणाचं लग्न, काका?"

आता इथे गप्प बसून पुढे जायचं की नाही? पण चाळीस वर्षांची सवय ही मेली माणसाच्या आधी बोलते. वाटेवरचं घर, दारात उभा माणूस, झोळीत जास्तीची पुडी. चोंगच्या हाताने पुडी काढली, पहारेकऱ्याच्या तळहातावर ठेवली, आणि तोंडाने सुरात म्हटलं, "चौथ्या दिवशी, सकाळी नऊला, सगळ्या घरादारानं जेवायला यायचं."

आणि तो खुशाल पुढे गेला. खिंडीपलीकडे तीन पुड्या तीन माणसांना दिल्या, तिघांनी गाठी मोजल्या, मान डोलावली आणि तिघं जंगलात नाहीसे झाले. आपण देशाच्या कामी आलो, या आनंदात चोंग गाणं गुणगुणत परत फिरला. संध्याकाळी ठाण्याच्या फाटकाशी स्वतः कप्तान सो पाइंग उभा होता. कोरड्या सपाट मुलखातला, पन्नाशीचा, पोट सुटलेला पण आता त्या पोटाची नुसती पिशवी झालेला माणूस.

"काका, आवतण मिळालं," तो म्हणाला. "अकरा वर्षं हे ठाणं इथे आहे. आजवर कुणी आम्हाला बोलावलं नव्हतं. येतो आम्ही."

तेव्हा चोंगच्या पायाखालची जमीन सरकली.

तो तडक निनच्या घरी गेला. त्याने सगळं सांगितलं. निनने हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "ज्यांच्यावर हल्ला करायचा, त्यांनाच तू हल्ल्याचं आवतण देऊन आलास."

"वाटेवरचं घर होतं गं."

"घर! मशीनगन लावलेलं घर! अरे, तुझ्यापेक्षा तुझं खेचर शहाणं. ते निदान न बोलता खातं."

"सोईला कळवायला पाहिजे."

"कुठे कळवणार? ती सगळी जंगलात पांगली. बारा ठाण्यांचा दिवस ठरलाय, आता तो तुझ्यासाठी हलत नाही." निनने सूप पुन्हा उचललं. मग म्हणाली, "नऊला ते खाली येतील. इथे लग्न नसलं तर कप्तान काय समजेल?"

चोंगला उत्तर माहीत होतं. कप्तान पळत वर जाईल आणि मशीनगनच्या मागे बसेल, आणि त्याच वेळी सोई उघड्या उतारावर असेल. त्याला रडूच फुटलं. पासष्टीला टेकलेला माणूस, पण दुसऱ्याच्या ओसरीवर बसून तो पोरासारखा रडला.

"रडू नकोस, दोरा भिजेल," निन म्हणाली. "लग्न नसलं तर लावू."

बोलणं सोपं होतं. सक्तीची भरती सुरू झाल्यापासून गावातली तरुण पोरं अर्धी जंगलात गेली होती आणि अर्धी सीमेपलीकडे ऊस तोडायला. दुसऱ्या दिवशी सगळ्या म्हाताऱ्या निनच्या घरी जमल्या आणि लग्नाचं माणूस शोधू लागल्या. गावात बिनलग्नाचा पुरुष एकच निघाला, चोंग. विधवा सात होत्या. पैकी चार अंथरुणाला खिळलेल्या, एक बहिरी, एक भिक्षुणी व्हायला निघालेली.

"मी?" निन किंचाळली. "याच्याशी? त्यापेक्षा मशीनगनशी लावा माझं!"

"एका सकाळचा प्रश्न आहे," सगळ्यांत म्हातारी म्हणाली.

"माझ्या सोईसाठी," चोंग म्हणाला. निनने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग तिने दोन डुकरं कापायला सांगितली.

चौथ्या दिवशी नऊला पाच कमी असताना, त्या दिवशी नेमकं न उठलेल्या धुक्यातून बुटांचे आवाज आले. कप्तान धरून एकोणतीस सैनिक, दोघं दोघं रांगेत, भांग पाडलेले, गणवेशाला पाणी मारून घड्या घातलेले. पुढे कप्तान, हातात आहेर: लष्कराचा शिक्का असलेलं एक घोंगडं आणि आटवलेल्या दुधाचा एकच डबा. डब्याला लाल दोरा बांधला होता.

"हत्यारं खाली," दारातली म्हातारी म्हणाली. "लग्नघरात लोखंड चालत नाही."

सैनिक घुटमळले. कप्तानाने आधी आपलं पिस्तूल काढलं, मग सगळ्यांनी बंदुका खांबांवर उभ्या असलेल्या घराखाली, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकवून ठेवल्या, आणि वाफाळत्या डुकराच्या वासामागे जिना चढले. पाहुणे वर गेल्याबरोबर म्हाताऱ्यांनी सरपणाचे भारे वाहावेत तशा त्या बंदुका एकेक करून मागच्या अंगाने चहाच्या मळ्यात नेल्या. एका म्हातारीने वाटेत दोनदा थांबून दम खाल्ला.

वर चोंग बहिणीच्या नवऱ्याच्या जुन्या कोटात बसला होता आणि त्याचं एकच बटण लावत-काढत होता. कप्तान शेजारी टेकला.

"घाबरू नका काका. सगळ्यांचंच असं होतं."

"तुम्हाला काय माहीत."

"माझंही लग्न झालंय. एक गोष्ट लक्षात ठेवा: बायको म्हणेल ते आधी मान्य करायचं, मग ऐकायचं."

मनगटाला दोरा बांधायची वेळ आली. तो बांधायचा मान सगळ्यांत मोठ्या पाहुण्याचा. म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग कप्तानाकडे. त्याने दोरा घेतला.

"गेल्या वर्षी माझ्या लेकीचं लग्न झालं," तो म्हणाला. "रजा दिली नाही. तिचा दोरा शेजाऱ्याने बांधला." त्याने चोंगच्या मनगटाला गाठ मारली, मग निनच्या, आणि मनापासून आशीर्वाद दिला. निन खाली बघत होती.

तेवढ्यात दूर डोंगरापलीकडे धडाडधूम झालं. मग उत्तरेला. मग अगदी लांब, पश्चिमेला, एकामागून एक. सैनिकांचे घास हातातच राहिले.

"हे काय?" कप्तानाने विचारलं.

"फटाके," निन म्हणाली. "खिंडीपलीकडे चिनी लोकांकडे पण लग्न आहे."

"आणि उत्तरेला?"

"तिथे पण."

"पश्चिमेला?"

"मुहूर्तच चांगला आहे आज. घ्या, रस्सा घ्या."

कप्तान तिच्याकडे बघत राहिला. वीस वर्षं सैन्यात काढलेल्या माणसाला तोफ आणि फटाका यांतला फरक कळत नाही असं कोण म्हणेल? त्याने दाराबाहेर टेकडीकडे पाहिलं, धुक्यात काही दिसत नव्हतं. त्याने पानाकडे पाहिलं. मग सावकाश एक घास घेतला. चोंग मात्र फक्त कान देऊन होता, टेकडीवरून पहिली गोळी कधी सुटते म्हणून. गोळी सुटलीच नाही.

अर्ध्या तासाने जिन्यावर पावलं वाजली. सोई दारात उभा राहिला, हातात बंदूक, मागे त्याची माणसं. चोंगने बोट हलवत मोजलं: तेरा, चौदा. सगळे. एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता. तेव्हा कुठे त्याने पानातला पहिला घास तोंडात घातला.

"मामा," सोई ओरडला, "वर दोघंच होते! एकाला जुलाब, दुसरा त्याला हसतोय. आम्हाला बघून म्हणाला, लग्न खाली आहे, तुम्ही इकडे कुठे?" मग त्याची नजर आत गेली. एकोणतीस गणवेश एकदम उठले. कुणाचा हात कमरेला गेला आणि तिथे काहीच सापडलं नाही. सोईने बंदूक रोखली.

चोंग मध्ये उभा राहिला. आपण उभे आहोत याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"खाली कर ती."

"मामा, हे शत्रू आहेत!"

"असतील. पण मी त्यांना पुडी दिली आणि त्यांनी माझा चहा खाल्लाय. या घरात त्यांच्या केसाला धक्का लागला तर मी यापुढे कुणाच्या दारात जाऊ?"

सोईने मामाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं. त्याला काही उमगलं नाही, पण त्याने बंदूक खाली केली.

कप्तान हळूहळू खाली बसला. ठाणं गेलं, माणसं हातची गेली, वीस वर्षांची नोकरी गेली, हे त्याला कळलं होतं. पण त्याने सोईला काहीच विचारलं नाही. तो निनकडे वळला.

"ताई, एवढं खरं सांगा. लग्न खोटं होतं?"

चोंगने मान खाली घातली. खोटं होतं म्हणावं तर या माणसाला सगळ्या देशात हसतील, आणि खरं होतं म्हणायचा हक्क त्याला एकट्याला नव्हता.

निनने मनगटावरचा दोरा चाचपला.

"तू बांधलास, पंचवीस-तीस माणसांनी जेवण केलं, दोन डुकरं गेली," ती म्हणाली. "याला खोटं म्हणायला मी काय वेडी आहे? खरं आहे. या बावळटाला मी जन्मभर सांभाळणार आहे."

चोंगने मान वर केली. ती त्याच्याकडे बघत नव्हती; तिचे कान लाल झाले होते.

कप्तानाने मोठा श्वास सोडला.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "कुणी विचारलं तर सांगता येईल, मी ठाणं सोडून पळालो नव्हतो. लग्नाला गेलो होतो."

आणि त्याने रश्शासाठी वाडगा पुढे केला.