हलका दगड

बायको गेल्याचं मला शेडमध्ये कळलं. मी दगडांच्या नमुन्यांसाठी खोकी ठोकत होतो. मेहुणीचा दवाखान्यातून फोन आला. "भाऊजी, ताई गेली," एवढंच म्हणाली. अर्धा ठोकलेला खिळा मी पूर्ण ठोकला आणि मग खाली बसलो.

बायको भूगर्भतज्ज्ञ होती. इथल्या टेकडीचा दगड भट्टीत तापवला की तेल निघतं. ते काढणं परवडेल का, हे तिला कंपनीला सांगायचं होतं. तिचं राहिलेलं काम पुरं करायला मेहुणी आली. तिचंही शिक्षण तेच.

खोक्यांतले सगळे दगड तापवून झाले. तेल निघालं नावापुरतं.

"परवडत नाही असंच लिहावं लागेल," मेहुणी म्हणाली. "उद्या अहवाल गेला की काम बंद. ताईची सगळी मेहनत पाण्यात."

"चांगला माल एवढाच होता. हलका मी मागे टाकलाय. तिनेच दवाखान्यातून सांगितलं होतं, अहो, हलके दगड बाजूला ठेवा."

मेहुणीने चहाचा कप खाली ठेवला. "हलके म्हणजे?"

"हलक्या प्रतीचे. आणखी काय?" मी सुतार. आमच्यात हलका माल म्हणजे टाकाऊ माल.

ती शेडमागे गेली. ढिगातला एक दगड आणि खोक्यातला एक, असे दोन माझ्या हातांत दिले. आकार सारखाच, पण ढिगातला वाळक्या लाकडासारखा लागला.

"वजनाला हलका, भाऊजी. तेल जास्त, तेवढा दगड हलका. ताईने जपून ठेवायला सांगितलं आणि तुम्ही उकिरडा केलात."

"मग तिने नीट सांगायचं ना."

"इतका संसार केलात. बायकोचं बोलणं कळायला दुभाषी लागत होता का?"

आम्ही दोघं हसलो, बायको गेल्यापासून पहिल्यांदा. मग मेहुणी रडायला लागली आणि मी ढिगातले दगड पाटीत भरायला घेतले.

दुपारी भट्टीच्या नळीतून तेल गळू लागलं. खालचं भांडं बदलावं लागलं. कंपनीच्या साहेबांनी फोनवर आकडा पुन्हा सांगायला लावला. अहवाल थांबला, काम चालू राहिलं, आणि मला नवीन खोकी करायला सांगितली.

हे एका टेकडीचं झालं. एवढ्या कामाला पाणी कुठून आणायचं आणि तेल काढून उरलेला दगड कुठे टाकायचा, ते ठरलेलं नाही. बायकोने खुणा करून ठेवलेल्या पलीकडच्या उतारावर नमुन्यांसाठी अजून एकही भोक पाडलेलं नाही.