फुगा आणि दादरा

"हा फुगा बघून तुझे होणारे सासू-सासरे काय म्हणतील गं? घरात बारसं आहे म्हणतील," पद्मावती बुधल्यासमोर कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"आई, अण्णांनी हात लावू नको म्हणून बजावलंय," संहिता मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

"तुझे अण्णा काय, छत्रीलासुद्धा हात लावू नको म्हणून बजावतात."

स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी काचेचा मोठा बुधला होता. आत काळ्या द्राक्षांची वाईन, आणि तोंडावर लाल रबरी फुगा. सुरुवातीला तो टम्म फुगून उभा होता. आता आतलं फसफसणं संपलं तसा बिचारा एका अंगाला लवंडला होता, लग्नातल्या जेवणानंतर पेंगणाऱ्या मामासारखा.

हे सगळं तिच्या नवऱ्याचं, योगीराजचं कर्तृत्व. कारखान्याच्या स्टोअरमध्ये जन्मभर नटबोल्ट मोजून माणूस निवृत्त झाला, तर गप्प बसावं, देवळात जावं. पण याच्या अंगात कलाकार शिरला. आधी पलंगाखाली अळिंबी लावली. तिथं अळिंबी सोडून बाकी सगळं उगवलं. मग कोरफडीचा साबण केला, त्यानं स्वतःच्याच हाताची सालं निघाली. मग वाईन. पहिली खेप आंबली, दुसरीला बुरशी आली. पद्मावती शिवाजीनगरच्या बाजारात ओळखीच्या बाईला थांबवून हे सांगायची आणि शेवटी म्हणायची, "यांच्या हातचं काही म्हणजे काही टिकत नाही बघा अक्का." योगीराज शेजारी पिशव्या घेऊन उभा असायचा आणि हसायचा. त्याचं ते हसणं तिला सगळ्यांत जास्त खुपायचं. चिडला असता तर निदान माणूस तरी वाटला असता.

ही तिसरी खेप मात्र साधली होती. त्यानं चमचाभर काढून तिच्यापुढं धरली तेव्हा तिनं नाक मुरडून चाखली. चांगली होती. जिभेवर आधी आंबट, मग मागून हळूच गोड. हे तिनं त्याला सांगितलं नाही. असल्या माणसाला एकदा चांगलं म्हटलं की घरात आणखी चार बुधले येतात.

"संहिताचे सासरे येतील ना, त्यांना हीच द्यायची," तो म्हणाला होता. "आपल्या घरची. काय पद्मा?" संहिताच्या लग्नाची तारीख ठरवायला ती मंडळी यायची होती, आणि यानं फोनवर वाईनची दवंडी आधीच पिटून ठेवली होती.

बाटल्यांत भरायच्या आधीच निपाणीहून फोन आला. त्याची बहीण पडली, खुब्याचं हाड मोडलं. योगीराज त्याच संध्याकाळी निघाला. पायात चप्पल सरकवता सरकवता सांगत होता, "वारा लागता कामा नये हं. वारा लागला की आंबून शिरका होतो. ऊनही नको. मी आल्यावर भरतो."

"सरी, सरी, कळलं. बस जाईल तुमची."

बस गेली आणि आठवड्याभरात पद्मावतीनं फुगा उपटून कचऱ्यात टाकला. पांढऱ्या मलमलीचा तुकडा उकळून, वाळवून बुधल्याच्या तोंडावर ताणला आणि सुतळीनं दादरा बांधला. लोणच्याच्या बरणीला बांधायची तशीच घट्ट गाठ, सासूनं शिकवलेली. मग संहिताच्या मदतीनं बुधला उचलून खिडकीत, छान उन्हात ठेवला. बरणीला दादरा आणि आठवडाभर ऊन, एवढ्यावर तिची लोणची वर्षानुवर्षं टिकली होती. तिच्या मते बाकीचं सगळं पुरुषांचं नाटक होतं.

योगीराज महिन्यानं परतला तो नेमका पाहुणे यायच्या दिवशी सकाळी. घाईघाईनं दाढी केली, गालावर कापून घेतलं, इस्त्रीचा शर्ट चढवला. तोवर ते आलेच.

व्याही संताजीराव मूळचे पुण्याचे, आता मुलाकडे इथंच इलेक्ट्रॉनिक सिटीत. एकदा नाशिकला वाईनची सहल करून आलेले, त्यामुळे पाण्याचा पेलासुद्धा गोल फिरवून पीत होते. "योगीराजराव, होममेड म्हणजे रिस्क हं. नाइंटी पर्सेंट लोकांना बेसिकच माहीत नसतं. पण करा, करा. हॉबी हवीच रिटायर्ड माणसाला."

पद्मावतीला तो माणूस तिथल्या तिथं नकोसा झाला. योगीराजला मूर्ख म्हणायला घरात ती होती. बाहेरच्या माणसाची गरज नव्हती.

"आणतो," म्हणत योगीराज उठला. चार नवे काचेचे पेले त्यानं आधीच पुसून ठेवले होते.

ती गॅसपाशी पुऱ्या तळत होती. तो कोपऱ्याकडे गेला, पिंपाशेजारी रिकामी जागा पाहिली, आणि मग खिडकीकडे वळला. त्यानं दादऱ्याला बोट लावलं. गाठ सोडवायला त्याला वेळ लागला. कापड निघालं तशी दोन चिलटं उडाली आणि नाकात जाणारा आंबट भपका स्वयंपाकघरभर पसरला. वर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा धरला होता. त्यानं तो चमच्यानं बाजूला केला, थेंबभर चाखली, आणि चमचा कट्ट्यावर ठेवला.

"तो फुगा इतका गलिच्छ दिसत होता..." पद्मावतीनं वाक्य तयार ठेवलं होतं. फक्त त्यानं विचारायची खोटी होती.

त्यानं हातातल्या सुतळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय, पाझरवताय की काय अजून?" म्हणत संताजीराव दारात आले आणि तिथंच थांबले. "अरे बापरे! गेली की ही! व्हिनेगर झालंय, नुसत्या वासावर सांगतो. काय लावलं होतं तोंडाला? कापड? आणि उन्हात? अहो, हे काय कैरीचं लोणचं आहे?" ते मोठ्यांदा हसले. बाहेर मुलाला ओरडून सांगितलं, "अरे ऐक, यांनी वाईनला दादरा बांधलाय!"

संहिता दारात आली. तिनं आईकडे पाहिलं. "काका, ते अण्णांनी नाही..."

"मीच बांधला," योगीराज म्हणाला. "म्हटलं, स्वल्प वारा लागलेला बरा. चुकलंच. संहिता, बाहेर सरबत दे बघू सगळ्यांना."

पुरी काळी पडली. पद्मावतीनं ती झाऱ्यानं काढली आणि दुसरी सोडली. तिची जीभ घरात, दारात, बसस्टँडवर कधी अडली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. ते तिला येत होतं, पूर्ण, कर्त्या-कर्मासकट. तिनं पुरी उलटली.

जेवताना संताजीरावांनी दादऱ्याची गोष्ट दोनदा सांगितली, दुसऱ्यांदा जास्त रंगवून. विहीणबाई ठसका लागेपर्यंत हसल्या. "वहिनी, लक्ष ठेवत जा हो यांच्यावर!" योगीराजही हसला, आणि बासुंदी वाढू लागला. लग्न मार्गशीर्षात ठरलं.

मंडळी गेली. संहिता त्यांना सोडायला खाली उतरली, ती आईशी न बोलताच.

योगीराजनं शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवरच स्वयंपाकघरात आला.

"अहो, ते..." पद्मावती म्हणाली.

"जड आहे. तिकडून धर."

दोघांनी बुधला खिडकीतून उतरवून मोरीपाशी नेला. तो तिरका करता करता थांबला.

"सगळं नको ओतायला. एक बाटली भरून ठेवू. तुला कांद्याला, काकडीला होईल. शिरका चांगला झालाय."

त्यानं बाटली आणली. नरसाळं धरायचं काम तिच्याकडे आलं. ते हलत होतं. योगीराज मध्ये दोनदा थांबला. नरसाळं स्थिर झालं, की पुढचं ओतायचा.