अंजनाच्या खोलीची कडी

मी कडी बोलतेय. दाराच्या आतली. बाहेरच्या कडीला कुलूप मिळतं, मान मिळतो. आम्हा आतल्यांना कोण विचारतंय! सांगलीतल्या एका लोहारानं मला घडवलं आणि माधवनगरात गोदावरीकाकूंच्या भाड्याच्या खोलीला बसवलं. पहिलं बिऱ्हाड सात माणसांचं. सारखी कुणाची तरी ये-जा, त्यामुळे मी दिवसभर नुसती लोंबत असे. माझा स्वभाव तेव्हापासूनच जरा कुरकुरा.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये अंजना आली. इस्लामपूरजवळच्या खेड्यातली, इथल्या शाळेत नव्यानं लागलेली बाई. सोबत वडील, गुंडा आबा, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांनी लोखंडी ट्रंक ठेवली, मला दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाले, "अंजे, लगीन एक वरीस थांबीवलंय. काय कमी-जास्त कानावर आलं तर ट्रंक उचलायची. समजलं?"

"व्हय आबा."

ते गेले आणि ती ट्रंकेवर बसून रडली. मग सवयीनं आठ भाकरी थापल्या, अन् दोन दिवस त्याच शिळ्या खाल्ल्या. मला तिची फार माया वाटली.

तिच्या घरी दिवेलागणीला दार लावत नसत. ती लक्ष्मी यायची वेळ; दार बंद दिसलं तर ती परत फिरते. अंजनानं इथंही तेच चालवलं. दिवा लावायची आणि दार सताड उघडून वह्या तपासत बसायची. नेमका तेव्हाच गिरणीचा भोंगा व्हायचा आणि सुटलेली माणसं गल्लीतून जायची. एकानं पाणी मागितलं, तिनं तांब्या भरून दिला. पाण्याला नाही म्हणायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

झालं! गल्लीला तेवढं पुरलं. काकू येऊन म्हणाल्या, "दार उघडं टाकून कुणाची वाट बघत असतेस गं?"

"काकू, लक्ष्मीची वेळ असते म्हणून..."

"एकट्या पोरीच्या दारी लक्ष्मी नाही येत, बोलणी येतात. मी तुझ्या वडिलांना कार्ड टाकलंय."

त्या दिवसापासून भोंगा झाला की ती मला लावायची. आधी दिव्याकडे बघून हात जोडायची. आपण काही पाप करतोय असं मलाही वाटायचं.

आज आबा आले, तेही दिवेलागणीला. बंद दार पाहून ओरडले, "दिव्याच्या वक्ताला दार लावून काय चाललंय आत?"

अंजनानं मला काढलं. आत कुणी नव्हतं. चौथीच्या वह्या होत्या, ताटलीत एक भाकरी होती. आबांनी ते पाहिलं. तरी त्यांनी तिची पातळं ट्रंकेत कोंबली आणि ट्रंक बाहेर पायरीवर नेली.

"चल."

"आबा, दार उघडं ठिवलं तवा त्या बोलल्या. लावलं तर तुमी बोलताय. मग मी ऱ्हाऊ कशी, ते तरी सांगा!"

आबांनी ट्रंकेकडे बोट केलं. "आदी घरला चल. मग बघू."

तेव्हा तिनं दार लोटलं आणि मला लावलं. मी चोराचिलटांसाठी घडलेली. बापाला बाहेर ठेवायची पाळी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आता ती दाराला पाठ लावून रडते आहे. बाहेर आबा दार ठोकतायत, शेजारच्या खिडक्या उघडल्यात. आवं आबा, धडका देऊ नका. मी मोडेन, त्याचं काही नाही. पण मग ही पोर तुमच्यासाठी मनापासून दार कधीच उघडणार नाही. एकदा नुसतं म्हणा, "अंजे, ट्रंक आत घेतो." बघा, मी कशी निघते ते.