राजाची दाढी आणि माझी मान

हवेत तरंगणारी एक दाढी.

चहाच्या कपाशेजारी ठेवलेला खालचा जबडा. सगळे दात नवे.

"वायर काढ आधी, वायर!"

एक बाही बसवलेला गणवेश. दुसरी बाही अजून टेबलावर.

नाही. नाही. नाही.

दारापर्यंत गेलेली आणि परत आलेली बॅग.

मित्रांनो, हे सगळं एकाच खोलीतलं आहे. मला ते असं तुकड्या-तुकड्यांनी दिसलं, त्याला माझा इलाज नाही. मी टेबलफॅन आहे. माझी मान डावीकडे जाते, तिथे अडखळते, 'टक' करते आणि उजवीकडे निघते. डावीकडे बघत असताना उजवीकडे काय झालं, हे मला परत येईपर्यंत कळत नाही. तेव्हा माझी गोष्ट तुम्हाला थोडी शिवून घ्यावी लागेल. मी जुना आहे हे वेगळं सांगत नाही. 'टक' ऐकलंत की समजेलच.

१ : हळू

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एकीने पाती बसवली, दुसरीने जाळी आवळली आणि तपासणाऱ्याने माझी मान दोनदा फिरवून पाठीवर 'योग्य' असा कागद चिकटवला. आयुष्यात मला मिळालेलं ते एकमेव लेखी कौतुक. पुढे या घरातल्या धाकट्याने, तो रांगत असताना, तो कागद नखाने खरवडून खाल्ला.

दुकानातून या घरात का आलो, ते आत्ता राहू द्या.

माझी जागा आईच्या शिलाई मशीनशेजारी, स्टुलावर. आई म्हणजे ताईची आणि धाकट्याची आई. ती लोकांचे गणवेश शिवते. मला तिने कधीच एकच्या पुढे जाऊ दिलं नाही. "कापड उडतं," म्हणायची. मग छताला पंखा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे शेजारी एक चिरलेली बादली आणि भेट आलेली तीन घड्याळं होती, तिन्ही वेगवेगळ्या वेळी बंद पडलेली. त्यांच्यात बसून किती काळ गेला ते कसं सांगू? एक म्हणे सव्वाचार, दुसरं म्हणे दहा.

मला खाली आणलं ते कॉम्प्युटरने.

धाकटा आता मोठा झाला आहे. तो दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवतो, म्हणून ताई त्याला 'कवळ्या' म्हणते. दिवसभर तो दुसऱ्यांचे दात गुळगुळीत करतो आणि संध्याकाळी घरी येऊन गेमसमोर स्वतःचे दातओठ खातो. नवा गेम लावला की त्याचा जुना कॉम्प्युटर तव्यासारखा तापायचा. म्हणून त्याने कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडली आणि मला समोर बसवलं.

मित्रांनो, मला माणसांना वारा घालण्यासाठी बनवलं होतं. माणूस वाऱ्यात बसला की डोळे मिटून 'हुश्श' म्हणतो. डबा कधी 'हुश्श' म्हणत नाही.

२ : मध्यम

नवा गेम येणार म्हणजे काय असतं, ते मी शेजारून पाहिलं आहे.

आधी जाहिरात येते. दोन मिनिटांची. धाकटा ती दोन मिनिटं दोन महिने बघतो. थांबवून, मागे नेऊन, मोठी करून. कानावर हेडफोन लावून मित्रांशी वाद घालतो की त्या कोपऱ्यातली सावली झाडाची आहे की राक्षसाची. मग तारीख येते. मग तारीख पुढे जाते. मग परत येते. शेवटी एका सकाळी तो कामावर फोन करतो आणि कण्हत सांगतो, "सर, दाढ दुखतेय. आज नाही जमणार."

एकदा पलीकडून आवाज आला, "अरे, दातांच्या प्रयोगशाळेत काम करतोस आणि दाढ दुखते म्हणून घरी बसतोस? ये इकडे, मीच बघतो!"

तो गेला. दाढेची एक जुनी फट बुजवून, अर्धा गाल बधिर घेऊन, दुपारी परत आला आणि त्याच गालाने गेम सुरू केला. गेम सुरू झाला नाही. 'आपण रांगेत आहात, कृपया थांबा' एवढंच आलं. रांग सरकली तेव्हा गाल शुद्धीवर आला होता आणि दुखत होता. गेममध्ये शिरल्यावर कळलं की दोन महिने ज्या सावलीवर वाद झाला ती ना झाडाची होती ना राक्षसाची. तिथे नुसतं काम अर्धवट राहिलं होतं.

"संपलं!" तो ओरडला. "कानाला खडा! पुन्हा कधी आधी पैसे भरणार नाही!"

त्याने कानाला इतके खडे लावले आहेत की एवढ्यात घराचा एक मजला चढला असता. पण नवी जाहिरात आली की सगळे खडे आपोआप गळतात.

आणि दर वेळी, गेम यायच्या आदल्या दिवशी, तो माझ्यासमोर वाकून विचारतो, "काय पंखोबा, यंदा तरी चांगला निघेल ना?"

मी फिरत असतो. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.

"नाही म्हणतोय," तो हेडफोनमध्ये सांगतो आणि पलीकडे चार मित्र हळहळतात. आजवर माझं एकही भाकीत खोटं ठरलेलं नाही. त्यात माझी काही हुशारी नाही. मला येतं एवढंच.

आता ताईबद्दल सांगतो. ती धाकट्याहून मोठी, दूरच्या गावी एका शीतगृहात शिफ्टची प्रमुख. गोठवलेले मटार आणि मासे यांच्यात तिचं आयुष्य चाललं आहे. घरी आली की एक रात्र राहते आणि निघते. "इथे उकडतं," म्हणते. आणखी एकदा म्हणाली होती, "आई मशीनकडे तोंड करून, हा कॉम्प्युटरकडे तोंड करून. मी काय तुमच्या पाठींशी गप्पा मारू?" हे मी मधून जाता-जाता ऐकलं. डावीकडे आईची पाठ होती, उजवीकडे धाकट्याची. खोटं नव्हतं.

पण एक गेम होता, जो ही दोघं भावंडं पूर्वी एकत्र खेळायची. ताई कॉलेजात होती आणि धाकटा शाळेत. राज्य गमावलेल्या राजाची गोष्ट. ताई राजा आणि धाकटा त्याचा सेनापती, म्हणजे राजाचं सामान उचलणारा. शेवटी राजा नदीच्या काठावर उभा राहतो, पलीकडे त्याचं राज्य दिसतं आणि गेम संपतो. दुसरा भाग येणार, येणार, म्हणता-म्हणता अकरा वर्षं गेली.

मग एके दिवशी धाकट्याने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, तारीख आली!"

"कवळ्या, ती चौथ्यांदा आलीये."

"यंदा पक्की. सुट्टी टाक. पूर्ण आठवडा."

"टाकते. पण ऐक हं, फुसका निघाला तर मी दुसऱ्या दिवशी परत. उरलेली सुट्टी माझी मी झोपून काढीन. थंडगार."

डावीकडे आईचं मशीन थांबलं. सुई कापडातच राहिली.

त्या दिवसापासून आई गेमची चौकशी करायला लागली. "काय रे, कुठवर आलंय त्यांचं? नीट करतायत ना?"

"तुला काय करायचंय, आई?"

"विचारलं आपलं. घाईत शिवलं की उसवतं."

आदल्या दिवशी धाकटा नेहमीसारखा माझ्यासमोर वाकला. "काय पंखोबा, यंदा..."

तो पुढे बोलायच्या आत आई उठली, माझ्या पाठीवरची खुंटी वर ओढली आणि माझी मान जागच्या जागी थांबली.

"त्याला काही विचारू नकोस," आई म्हणाली. "मेला कधी चांगलं बोलत नाही."

३ : जोरात

ताई आली ती घामाने निथळतच. बॅग टाकली आणि थेट माझ्यासमोर बसली. डोळे मिटले. "हुश्श!"

किती दिवसांनी ऐकलं, मित्रांनो!

"ताई, सरक. पंखा कॉम्प्युटरचा आहे."

"माझ्यापेक्षा त्या डब्याला जास्त उकडतंय?"

"हो."

मला उचलून डब्याकडे वळवण्यात आलं आणि खुंटी दाबून माझी मान पुन्हा सुरू केली.

गेम सुरू झाला. दोघंही खुर्चीच्या टोकावर. अकरा वर्षांपूर्वी जिथे सोडला होता तिथेच राजा उभा होता, नदीकाठी. फक्त नदीत पाणी नव्हतं. पाणी टाकायचं राहून गेलं होतं. ताईचा राजा पुढे निघाला आणि तंबूच्या खांबात अडकला. धाकट्याचा घोडा जमिनीपासून दोन हात वर, हवेत, अगदी शांतपणे चालू लागला. मग पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं. खांब. घोडा. काळा. पुन्हा.

दुपारपर्यंत हेच चाललं.

"अकरा वर्षं," ताई शेवटी म्हणाली. "अकरा वर्षं हे लोक करत काय होते? मटार सोलत होते?"

"दुरुस्त करतील गं. अपडेट येईल."

"आलं की कळव. मी उद्याऐवजी आजच निघते, संध्याकाळची गाडी आहे." ती उठली आणि बॅग उचलून दाराकडे गेली.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नव्हती. धाकट्याने घरी घासायला आणलेला जबडा तिने बाजूला सरकवला आणि कप ठेवला. "काय झालं?"

"काही नाही, आई. फुसका."

आईने बॅगेकडे पाहिलं. बघायला दुसरं काहीतरी हवं म्हणून तिने पडद्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिथे राजा आपल्या माणसांना भाषण द्यायला उभा होता. त्याने मान वळवली. चेहरा वळला. दाढी वळली नाही. ती आधी होती तिथेच, हवेत, राहिली.

"अगं बाई!" आई किंचाळली. "ह्याची दाढी उसवली!"

"माझी प्रजा मला विसरलेली नाही," राजा खर्जात म्हणाला आणि दोन पावलं पुढे गेला.

"मागे राहिली! अरे मागे राहिली, तिला हाक मार कोणीतरी!"

दाढीने ऐकलं असावं. ती सावकाश तरंगत निघाली. वाटेत दरबारी उभे होते. राजा समोरून गेला तेव्हा ते ढिम्म हलले नाहीत. दाढी आली तेव्हा सगळे कमरेत वाकले.

आईने पदर तोंडात कोंबला. ताई दारातच बॅगेवर बसली आणि हसता-हसता तिला ठसका लागला. "कवळ्या," ती धापा टाकत म्हणाली, "परत दाखव."

बॅग परत आली.

पुढचे दिवस मी काय वर्णू! ताई राजा, धाकटा सेनापती आणि आईकडे दाढी. म्हणजे दाढी आत्ता कुठे आहे हे ओरडून सांगणं आईचं काम. "भिंतीतून गेली! आता स्वयंपाकघरात! अरे, ती राणीला चिकटली!" ती दुसरी बाही टेबलावर तशीच पडून राहिली. अर्ध्या तासाने डबा तापून बंद पडला की मला ताईकडे वळवायचे आणि तिघं मिळून डबा निवायची वाट बघायचे. तेवढ्या वेळात बरंच बोलणं व्हायचं. शीतगृहात बोटं कशी बधिर होतात, हे आईला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. तिने लोकरीचे हातमोजे विणायला घेतले आणि विणता-विणताही दाढीवर लक्ष ठेवलं.

मग तिसऱ्या की चौथ्या दिवशी हेडफोनमधून कोणीतरी आनंदाने ओरडलं. धाकट्याचा चेहरा उतरला.

"काय झालं रे?"

"अपडेट येतंय. आत्ताच. आपोआप. सगळं दुरुस्त करतायत."

"सगळं म्हणजे?" आईने विचारलं.

"दाढी."

ज्या दुरुस्तीसाठी त्याने आजवर इतक्या कंपन्यांना शिव्या घातल्या, ती पहिल्यांदाच वेळेवर येत होती.

"वायर काढ आधी, वायर!" आई ओरडली. धाकटा कोणती म्हणून विचारेपर्यंत तिने नेटची वायर स्वतःच उपटली, कॉम्प्युटरची उपटली आणि सावधगिरी म्हणून माझीही.

माझी पाती थांबली. अंधार नव्हता, पण मान मध्येच अडकली होती, ना डावीकडे ना उजवीकडे. त्यामुळे पहिल्यांदाच मला तिघंही एकदम दिसले. तीन वायरी हातात धरून आई मधोमध उभी होती.

ताई पूर्ण आठवडा राहिली. निघताना दारात म्हणाली, "मी गल्ली ओलांडेपर्यंत दुरुस्त करू नकोस रे."

तिने ओलांडली. धाकट्याने वायर लावली. नदीत पाणी आलं, घोडा जमिनीवर उतरला, दाढी राजाच्या हनुवटीवर घट्ट बसली. आईने चष्मा लावून बारकाईने पाहिलं. "सफाई चांगली आहे," म्हणाली. "पण आता बघायचं काय?" आणि दुसरी बाही बसवायला घेतली.

परवा तिसऱ्या भागाची जाहिरात आली.

"मी नाही हं घेणार," धाकटा म्हणाला. "कानाला खडा."

"कधी येतोय?"

"पुढच्या वर्षी म्हणतायत. म्हणजे देव जाणे. आणि फुसकाच निघणार, आई."

"निघू दे की. ताईला फोन लाव." मग आई माझ्याकडे वळली, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय रे, निघेल ना फुसका?"

मी फिरत होतो. डावीकडे. टक. उजवीकडे.

आईचा चेहरा एवढासा झाला. तिने माझी खुंटी वर ओढली.

मित्रांनो, माझ्या पात्यांवरची धूळ पुसत जा. मानेत वर्षातून एकदा दोन थेंब तेल टाका, पण 'टक' गेलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. आणि मला पुढचं काही विचारू नका. मला एकच उत्तर येतं आणि तेही उत्तर नव्हे. विचारायचंच असेल तर एवढं विचारा, की वारा कोणाला लागतोय.

०

मला विकत आणलं तेव्हा ताई पाच महिन्यांची होती आणि तिच्या पाठभर घामोळं आलं होतं.