मी, ती आणि ते मेले बूट

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. बारा वर्षांची. माझ्या पोटात सावरीचा कापूस आहे, अंगावर निळ्या पट्ट्यांचं जाड कापड आहे, आणि मनात मत्सर आहे. भरपूर आहे! उशा मऊ असतात, शांत असतात, समजूतदार असतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर खुशाल विसरा. मी बुटांच्या एका जोडावर जळते. शंभर पानांच्या एका वहीवर जळते. का जळते ते ऐका आणि मग ठरवा मी किती वाईट आहे ते.

माझा जन्म एका गादीवाल्याच्या दुकानात झाला. सावरीची बोंडं उन्हात तडकली, गादीवाल्याने आतला कापूस मोकळा केला, एकेक बी वेचून काढली. मला भरताना तो सारखा स्वतःला बजावत होता, "ठासू नकोस, ठासू नकोस. ठासलेली उशी म्हणजे धोंडा." मग एक बाई आली. तिने मला कानापाशी धरून दाबलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "हीच." भावसुद्धा केला नाही. तेव्हापासून मी तिची आणि ती माझी. घरात सगळे तिला आई म्हणतात, म्हणून मीही आईच म्हणते.

आई पुस्तकं बांधते. आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे, त्याला लागूनच पुस्तकबांधणीची खोली आहे. फाटकी, सुटलेली, वाळवीने खाल्लेली पुस्तकं तिथे येतात. आई ती उसवते, शिवते, पुठ्ठा चढवते आणि मशीनवर त्यांच्या कडा छाटते. रात्री ती माझ्यावर डोकं टेकायची तेव्हा तिच्या केसांना पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा वास यायचा. पाचव्या श्वासाला झोप! प्रवासाला निघाली तरी मला पिशवीत कोंबून न्यायची. बाबा चिडवायचे, "लग्न माझ्याशी केलंस की या उशीशी?" मी तेव्हा इतकी फुगायचे की गादीवाल्याला वाटलं असतं, आपण हिला नक्की ठासलं.

मग एक दिवस छाटणं चुकलं.

एका शाळेचा फार जुना पट बांधायला आला होता. म्हणजे शाळेत कोण कधी दाखल झालं, त्याची नोंदवही. तिची दुसरी प्रत नव्हती. आईने कड छाटली आणि मशीनचं पातं बोटभर जास्त आत गेलं. पानांवरचा शेवटचा रकाना, मुलांच्या जन्मसालांचा, कापून खाली पडला. पुस्तकबांधणीत छाटलेलं परत येत नाही, असं तीच सगळ्यांना शिकवायची.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या रात्री ती माझ्यात तोंड खुपसून कुजबुजली, "माझे हात परत तसंच करतील." आणि मग रोज. छातीत कसं धडधडतं, सकाळ होऊच नये असं कसं वाटतं, आपण कुणाच्या उपयोगाच्या नाही असं कसं वाटतं. हे ती बाबांना सांगत नव्हती. मला सांगत होती! मी भिजायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, बघा, माझ्याशिवाय हिचं कुणी आहे का?

तिने कामावर जाणं सोडलं. दिवसाही माझ्यावर पडून राहू लागली. मित्रांनो, कुठल्या उशीच्या नशिबी इतकं प्रेम येतं?

घरच्यांनीही माझीच बाजू घेतली, अर्थात न कळत. तिला झोप लागावी म्हणून त्यांनी घर मुकं करून टाकलं. बाबांनी घड्याळाचे सेल काढले, दारावर "बेल वाजवू नये" अशी चिठ्ठी लावली, पडद्यावर ब्लँकेट टांगलं. त्यांची मुलगी, जिला एका जागी बसता येत नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणतात, ती तर बिस्किटं जिन्यात जाऊन खायची, कुरकुर आवाज नको म्हणून! सगळे पायाच्या बोटांवर चालायचे. आणि आई अंधारात डोळे उघडे ठेवून पडायची. मला म्हणायची, "सगळं घर श्वास रोखून बसलंय. मी झोपले नाही तर त्यांना काय वाटेल?"

शेवटी भिंगरीनेच डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. त्या आत आल्या, अंधारात स्टुलाला धडकल्या आणि म्हणाल्या, "घर आहे की सिनेमाचं थेटर?" बाबा हळूच म्हणाले, "तिला झोप लागावी म्हणून..." तेव्हा त्या म्हणाल्या, "झोप मांजरासारखी असते हो. सगळे टपून बसलात तर ती येईल कशी?"

त्यांनी ब्लँकेट ओढून काढलं. आईला तपासलं, शांतपणे सगळं विचारलं, अगदी जगणं नकोसं वाटतं का हेही विचारलं. आई रडली. पहिल्यांदाच माझ्याबाहेर रडली! मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली, आणि माझ्या आयुष्याला ग्रहण लागलं. झोप लागो न लागो, सकाळी ठरल्या वेळी उठायचं आणि उन्हात चालायला जायचं. दुपारनंतर चहा बंद. दिवे लागायच्या आधी डोक्यातल्या काळज्या वहीत उतरवायच्या आणि वही स्वयंपाकघरात ठेवून द्यायची. छाती धडधडली की चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. "आणि उशी फक्त रात्रीची," त्या म्हणाल्या. "पडून झोप येत नसेल तर उठून बसायचं, काहीतरी कंटाळवाणं वाचायचं. दर आठवड्याला मला भेटायचं. याने भागलं नाही तर औषध आहे. त्यात लाज कसली?"

उशी फक्त रात्रीची! मी, जिने तिचं सगळं ऐकलं, ती फक्त रात्रीची?

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बूट खाली आले. तीन वर्षं खोक्यात लोळत पडलेले, आयतोबा, तोंड वासलेले बूट. ते आईला घराबाहेर घेऊन गेले. आणि ती वही! जे माझ्या कानात सांगितलं जायचं ते आता ती तिथे लिहायची. संध्याकाळी स्वयंपाकघरातून पेनाची खसखस ऐकू आली की माझा कापूस आतल्या आत गोळा व्हायचा. काय लिहीत असेल? मला सांगितलं त्यापेक्षा जास्त?

सकाळी तिला न्यायला दाभणमामा यायचे. ते पुस्तकबांधणीच्या खोलीतले सर्वांत जुने कारागीर, पुस्तकं शिवायचं दाभण कायम कानावर खोचलेलं, म्हणून हे नाव. पहिल्या दिवशी आई जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत गेली. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत. विसाव्या दिवशी ती बांधणीच्या खोलीच्या दारापर्यंत पोचली आणि आत छाटायच्या मशीनचा "धप्प" आवाज आला. ती तशीच पळत घरी आली, बूट भिरकावले आणि भर सकाळी माझ्यावर कोसळली. "मला नाही जमणार," ती म्हणाली. "कधीच नाही जमणार."

मित्रांनो, मला आनंद झाला. कबूल करते. ते बूट पालथे पडले होते आणि मी जिंकले होते.

दुपारी भिंगरी शाळेतून आली तरी आई तशीच पडलेली. भिंगरीने दप्तर टाकलं.

"आई, ऊठ."

"पाच मिनिटं गं."

"पाच नाही, शून्य. उशी रात्रीची, असं ठरलंय ना आपलं?"

"तू आता मला ओरडणार?"

"हो. आणि मला रडू पण येतंय, म्हणून लवकर ऊठ."

तिने मला आईच्या डोक्याखालून ओढून काढलं, पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत नेलं आणि कठड्यावर पालथं घातलं. "आता ही रोज सकाळी इथे येणार, संध्याकाळपर्यंत इथेच," तिने जाहीर केलं. मला! उघड्यावर! चादरींच्या आणि मोज्यांच्या शेजारी!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कठड्यावरून मी खाली पाहिलं आणि मला आई दिसली. म्हणजे तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? अहो, बारा वर्षांत मी तिचा कान पाहिला होता, गाल पाहिला होता, मिटलेल्या पापण्या पाहिल्या होत्या. चालताना कधी पाहिलंच नव्हतं! तिची मान अशी ताठ असते, ती डाव्या पायावर जरा डुलते, समोर मांजर आलं तर वाट सोडते, हे मला कुठे माहीत होतं? दाभणमामांनी विचारलं, "पोरी, आज कुठवर?" आई म्हणाली, "आज नुसतं खांबापर्यंत, मामा." "बरं झालं. माझं हे सुटलेलं पोट आधीच अर्ध्या वाटेवर पोचलेलं असतं, बाकीचा मी मागून येतो." आई हसली. मोठ्याने हसली. माझ्यावर डोकं ठेवून ती असं कधी हसल्याचं मला आठवेना.

उन्हात मी तापत होते आणि एकेक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. दिवसभर मी तिला कवटाळून ठेवत होते. ती डुलकी डुलकीने झोप माझ्यावर सांडत होती, आणि रात्रीला काही उरत नव्हतं. ती माझ्याशी बोलायची, पण मी कधी तिला "चल" म्हणाले का? मी फक्त "थांब" म्हणत होते. प्रेमाने म्हणत होते, पण "थांब"च म्हणत होते.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी तो पट शाळेला परत जायचा होता. दाभणमामा खाली उभे राहिले आणि त्यांनी खिशातून एक जाड पाकीट काढलं.

"यात त्या सगळ्या पट्ट्या आहेत. टोपलीतून त्याच दिवशी वेचून ठेवल्या. मला चिकटवता येतील, पण मी चिकटवणार नाही. कुठली पट्टी कुठल्या पानाची, ते तुझ्या डोळ्यांना जास्त कळतं."

"मामा, माझा हात थरथरेल."

"थरथरू दे की. मशीनला हातच लावायचा नाहीये. खळ आणि ब्रश. खळीला थरथर चालते."

आई चालू लागली. मी कठड्यावरून इतकी पुढे सरकले की बाजूचा मोजा खाली पडला. ती बांधणीच्या खोलीच्या दारापाशी थांबली. आतून पुन्हा "धप्प" झालं. ती मागे वळली. तिचं तोंड माझ्याकडे झालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, नको, इकडे येऊ नकोस! तिचे खांदे वर गेले. हळूहळू खाली आले. पुन्हा वर. पुन्हा खाली. मग ती वळली आणि आत गेली.

ती संध्याकाळी परतली तेव्हा तिच्या नखांत खळ होती. सदतीस पट्ट्या बसल्या होत्या. उरलेल्यांसाठी तिने स्वतः शाळेला फोन केला होता, "चूक माझी आहे, आठ दिवस द्या, सगळी सालं जागेवर लावून देते." बाबा ऐकत होते आणि भांड्याला भांडं आपटत होते, मुद्दाम. घरात आवाज झाला पाहिजे ना!

रात्री तिने डोकं टेकलं. आज केवढं सांगेल, म्हणून मी कान टवकारून वाट बघत होते. तिने मला काहीच सांगितलं नाही. सहाव्या श्वासाला ती झोपली होती.

सगळ्याच रात्री तशा जात नाहीत. कधी ती उठते, खुर्चीत बसून गिरणीच्या दुरुस्तीचं एक भयंकर कंटाळवाणं पुस्तक वाचते आणि परत येते. डॉक्टरीणबाईंकडे जाणंही चालू आहे. पट मात्र पूर्ण झाला.

तर मित्रांनो, तुमच्या घरात कुणी दिवसाढवळ्या अंधार करून पडलं असेल, तर त्यांच्यासाठी आणखी एक पडदा ओढू नका. जवळ बसा. विचारा. खांबापर्यंत चला म्हणा, आणि नाही आले तर उद्या पुन्हा म्हणा. डॉक्टरांना सांगायला लाजू नका, आणि तुम्हालाच तसं वाटत असेल तर आपलं माणूस शोधून सांगा. उशीला सांगितलंत तरी चालेल, पण फक्त उशीला सांगू नका. आम्ही उठून मदत आणू शकत नाही. आणि आम्हाला अधूनमधून ऊन दाखवा, आम्हीही दिवसभर कुणालातरी धरून बसून आतून गोळा होतो.

ते बूट आता झिजलेत, डाव्याचा तळ उसवलाय. परवा आई त्यांना पॉलिश करत होती, मांडीवर घेऊन, अगदी लाडाने. पॉलिशला माझी हरकत नाही. पण मांडीवर घ्यायची काय गरज होती?