निनीचे चार शतांश

"आधी पेज. पेज खाल्ल्याशिवाय कुणी बटणाला बोट लावायचं नाही," कारखान्याच्या मालकीण बू हाजींनी दम भरला आणि लाल-पांढऱ्या पेजेच्या वाट्या थेट मिलिंग मशीनच्या टेबलावर मांडल्या.

"अहो बू, लोखंडाचं कसलं बारसं?" लेथवाला दाक्लान म्हणाला. वाटी मात्र त्यानंच सगळ्यांच्या आधी उचलली होती.

"पोर सारखं आजारी पडलं की नाव बदलतो ना आपण? मग लाल-पांढरी पेज होतेच. इथं तर अख्खं डोकं बदललंय. खा मुकाट्यानं."

इंडोनेशियातल्या तेगलमध्ये घराघरात लेथ, पण आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन त्या गल्लीत बू हाजींकडंच. जपानी कारखान्यानं टाकून दिलेलं, जहाजातून आलेलं, वयानं बुजुर्ग. म्हणून सगळे त्याला निनी म्हणत, म्हणजे आजी. गेल्या वर्षी आजीचा कपाटाएवढा जुना कंट्रोल कायमचा बसला. त्याचे सुटे भाग कुठं मिळेनात. भंगारवाला दोनदा येऊन हात फिरवून गेला. तेव्हा गल्लीतलीच रोफिको पुढं आली. मोठ्या कारखान्यात बारा वर्षं विजेचं काम करून ती नुकतीच माघारी आली होती. "लोखंड ठणठणीत आहे, बू. फक्त डोकं बदलू," ती म्हणाली आणि सहा आठवडे खपून तिनं नव्या मोटारी, नव्या वायरी आणि डब्याएवढा नवा कंट्रोल बसवला. हे काम उतरलं की बू हाजींची आणखी तीन जुनी मशीनं दुरुस्तीला तिच्याकडंच येणार होती. नाही उतरलं, तर गल्लीत तिला कोण उभं करणार?

रस्मादी कोपऱ्यात उभ्यानंच पेज खात होता. बावीस वर्षं निनी त्यानंच चालवली. सगळे त्याला कांग म्हणत, म्हणजे दादा. बोलणं कमी, काम चोख. निनी म्हातारी, तिचा स्क्रू झिजलेला, तरी त्याच्या हातून जॉब यायचा तो मापात. तसलीच मशीनं दुसऱ्या गल्लीत दोघांनी आणली, पण जॉब मापात येईना म्हणून विकली. दाक्लाननं एकदा हट्टानं निनीवर स्वतःचा प्रोग्राम चालवला, तर जॉब थेट भंगारात. तेव्हापासून सगळे म्हणायचे, रस्मादीच्या हाताला गुण आहे. बू हाजींचे यजमान तर गिऱ्हाइकाला चहाआधी रस्मादीचे हात दाखवायचे.

वाट्या उचलल्या गेल्या. मासेमारी होडीच्या पंपाचा पंखा, त्याचा साचा कापायचा होता. रस्मादीचा जुना प्रोग्राम रोफिकोनं जसाच्या तसा नव्या कंट्रोलमध्ये भरला होता. निनी सुरू झाली, आणि काय चालली म्हणता! आवाज नाही, हिसका नाही. दाक्लान आ वासून बघत राहिला.

साचा निघाला. रस्मादीनं मायक्रोमीटर लावला. वाकड्या कडेला मिलिमीटरचे चार शतांश चुकले होते. अर्ध्या केसाएवढे. पंपाला तेवढी चूकही पुरते, पाणी गळतं.

रोफिकोचा चेहरा उतरला. तिनं टेबलाला सरक मोजायची डायल लावली, टेबल पुढं नेलं, मागं आणलं. "स्क्रूमध्ये चार शतांशाचा प्ले आहे, ढिलेपणा, कांग. मागं फिरताना टेबल तेवढं कमी सरकतं. तेवढं मी कंट्रोलला भरून काढायला सांगितलंय. मग चुकतंय कुठं?"

रस्मादी मायक्रोमीटर पुसत राहिला. चूक कुठं आहे ते त्याला पहिल्याच मापात कळलं होतं.

दुसरा साचाही तसाच आला. दुपारच्या नमाजानंतर गिऱ्हाईक येणार होतं. बू हाजी दारात येरझाऱ्या घालायला लागल्या. शेवटी रोफिकोनं कंट्रोलमधला आपला चारचा आकडा पुसला, शून्य केला. तिसरा साचा निघाला तो बिनचूक.

"बघा!" दाक्लान ओरडला. "वीज-बीज सगळं ठीक, पण शेवटी हात कांगचा! पोरीनं आकडा घातला की बिघडतं, काढला की जमतं!"

बू हाजी हसल्या. मग रोफिकोजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "डबा राहू दे, पोरी. चांगला चालतोय. पण बाकीची तीन मशीनं मी शहरातल्या कंपनीला देते. राग मानू नकोस."

"नाही बू. माझंच मोजायला चुकलं असेल," रोफिको म्हणाली. आणि पुन्हा डायल लावून बसली. पुढं, मागं. पुढं, मागं. काटा प्रत्येक वेळी चारच दाखवत होता आणि ती स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हती.

रस्मादीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला बावीस वर्षं पुरलं होतं. अजूनही पुरलं असतं. गप्प बसायचं, एवढंच तर करायचं होतं. पण पोरगी बरोबर मोजत होती आणि त्याच्यापायी खोटी ठरत होती.

"तिचं चुकलं नाही," तो म्हणाला. "चार शतांश माझ्या प्रोग्राममध्ये आहेत."

"म्हणजे?" बू हाजींनी विचारलं.

"टेबल जिथं जिथं मागं फिरतं, तिथं तिथं मी आधीच चार वाढवून लिहिलेत. वाकड्या कडेचे आकडे, कुणाला दिसायचे? आता तिचा कंट्रोल पण चार घालतो. एकच औषध दोनदा पाजलं आपण आजीला."

दाक्लाननं त्याच्या हातांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"म्हणजे गुण-बिण काही नव्हता? नुसता आकडा?"

"नुसता आकडा."

"आणि मी मेला बावीस वर्षं तुझी बोटं बघत बसलो! एकदा तर तुझ्यासारखी नखं कापली होती रे मी!"

बू हाजींना हसू फुटलं, पण त्यांनी ते आवरलं. "आमच्या ह्यांनाही नाही सांगितलंस?"

"त्यांना कसं सांगू? ते माझे हात दाखवायचे लोकांना. बरं वाटायचं, बू. खोटं का बोलू?"

रोफिको डायल सोडून उठली होती. "तेव्हा डायल होती इथं?"

"कुठली डायल! कापायचो, मापायचो, वहीत लिहायचो. पुन्हा कापायचो. चार महिने लागले."

"माझ्याही डायलनं चारच दाखवले, कांग," ती म्हणाली. "काटासुद्धा इकडं तिकडं नाही."

मग तिनं संगणक पुढं ओढला. रस्मादीनं एकेक ओळ दाखवली, ती खूण करत गेली. तीनशे बारा ओळी भरल्या. "आता एक बटण दाबलं की सगळे चार निघतील. तुम्हीच दाबा."

त्यानं दाबलं. पापणी लवेपर्यंत काम झालं.

"एवढंच?"

"एवढंच."

त्याला खूप हलकं वाटलं. आणि आत कुठंतरी तुटल्यासारखंही वाटलं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. रोफिकोनं आपला आकडा परत भरला. चौथा साचा निघाला, रस्मादीनंच मापला, आणि बिनचूक भरला तसा मायक्रोमीटर बू हाजींच्या हातात दिला. गिऱ्हाईक आलं, साचा घेऊन खुशीत गेलं. बू हाजी रोफिकोला म्हणाल्या, "उद्या दुसऱ्या मशीनला हात घाल. शहरातली कंपनी गेली खड्ड्यात."

संध्याकाळी दाक्लान लोखंडाचा ठोकळा घेऊन आला. स्वतःचा जॉब, स्वतःचा प्रोग्राम. त्यानं ठोकळा निनीच्या व्हाइसच्या पकडीत धरला. दांडा आवळायला रस्मादीचा हात सवयीनं पुढं गेला. त्यानं तो मागं घेतला आणि पाठीमागं दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"कांग, करू सुरू?" दाक्लाननं विचारलं.

"मला काय विचारतोस?" रस्मादी म्हणाला. "कर."